टेकडीवरचे अकरा फोन

विजय नगर, जबलपूर
१९ जुलै २०२१

प्रिय अंबादासदादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार.

फोनवरून पोरांना वायरिंग शिकवता येतं का, असं तू मागच्या महिन्यात विचारलंस. मी हसून विषय बदलला. खरं म्हणजे मला उत्तर येत नाही. वर्षभर तेच करून राहिले, तरी येत नाही.

इकडे सगळे बरे आहेत. आईने लस घेतली आणि दोन दिवस गल्लीभर दंड दाखवत फिरली. वहिनीसाठी ओमतीच्या बाजारातून बांगड्या आणल्यात, कुणी येणारं असलं की पाठवते.

आता माझ्या क्लासचं सांगते. लॉकडाऊनमध्ये आयटीआय बंद झाल्यापासून मी घरूनच इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवते. माझी अकरा मुलं बरगी धरणाच्या पलीकडच्या एकाच गावची. डेटा वाचावा म्हणून त्यांचा कॅमेरा बंद, आवाज बंद. पण अकराही नावं रोज वेळेवर हजर. मी बाबांना स्क्रीन दाखवायची, म्हणायची, बघा, खेड्यातली मुलं, पण एक दिवस चुकत नाहीत.

मागच्या आठवड्यात मी एकेकाला माइक सुरू करायला सांगितला. दर वेळी तीच बकरी ओरडली. ‘प्रेजेंट मैडम’ आधी जाड आवाजात आलं, मग बारीक आवाजात, मग नाकातून. मी म्हटलं, ‘अनसूया, तुम ही हो न?’ उत्तर आधी बकरीनेच दिलं. मग अनसूया म्हणाली, ‘मैडम, सब खेत में धान का रोपा लगाने गए हैं. नेटवर्क इसी टेकरी पे आता है. मैं बकरियाँ चराने आती हूँ तो सबके फोन झोले में डाल लाती हूँ.’

मी खूप हसले. मग आठवलं की परीक्षा तोंडावर आहे आणि प्रॅक्टिकलचे गुण मलाच द्यायचे आहेत. त्यांच्यापैकी कुणी टेस्टरसुद्धा हातात धरलेला नाही. अनसूयानेही नाही, तिने फक्त व्हिडिओ पाहिले.

प्राचार्य म्हणाले, ‘हेमलता जी, बच्चों का साल क्यों बिगाड़ना? वीडियो तो दिखाया न आपने?’ बाबा म्हणाले, ‘सगळेच देऊन राहिले नं मार्क, तूच काहून एवढी ताणतेस?’ दोघेही वाईट नाहीत, दादा. मीही मार्क भरायला पेन उचललं होतं.

त्याच संध्याकाळी अनसूयाचा फोन आला. तिला एका कारखान्यात अप्रेंटिसची जागा मिळतेय, पण सर्टिफिकेट हवं. नाही मिळालं तर भाऊ म्हणतो, बकऱ्याच राख. ‘मैडम, नंबर दे दो न. काम तो काम करते-करते सीख लेंगे.’

हे वाक्य मी आधी ऐकलंय. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात तुझा ठेकेदार बाबांना हेच सांगत होता. तू खांबावर असताना ज्याने खालून वीज सुरू केली, त्याच्याबद्दल. ‘नया है, सर्टिफिकेट है उसके पास. काम करते-करते सीख जाएगा.’ आत डॉक्टर तुझी बोटं काढत होते.

तू हा विषय घरात काढू देत नाहीस. चहाचा कप डाव्या हाताने उचलतोस, उजवा गमछ्याखाली असतो आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघतो. घरात पहिली ग्रॅज्युएट झाले तेव्हा सगळे म्हणत होते, बँकेची परीक्षा दे. मी हाच ट्रेड शिकवायला काहून गेले, ते कुणी विचारलं नाही. तूही नाही.

काल रविवारी बसने त्यांच्या गावी गेले. सोबत लाकडी बोर्ड, दोन होल्डर, स्विच, वायर. शाळेच्या ओसरीत नऊ जण आले. हाताने काम केल्याशिवाय मार्क नाहीत, असं मी आधीच कळवलं होतं, म्हणून दोघं रागावून आले नाहीत. अनसूया आली, पण माझ्याकडे बघेना. वायर हातात देण्याआधी मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं. नाव घेऊन, बोटांसकट सांगितलं. तुला न विचारता. दादा, मला दुसरं काही सुचलं नाही.

मग अनसूया म्हणाली, ‘भैया ने चढ़ने से पहले नीचे किसको खड़ा किया था?’ मी म्हटलं, ‘उसी को.’ ती उठली, आत गेली आणि मेन स्विच खरंच बंद आहे का, ते स्वतः बघून आली. दिवस मावळेपर्यंत सगळ्यांनी आळीपाळीने एकेक दिवा जोडून पाहिला. त्यांच्यातल्या बिसनचा लागला नाही, तर पोरांनी त्याला ‘अँधेर नगरी’ म्हणून इतकं चिडवलं की शेवटी तोही हसला.

मी दर रविवारी जाणार आहे. त्यांना पुढच्या बॅचबरोबर परीक्षेला बसता येईल, असं वाटतं. अनसूयाची जागा तोवर थांबेल का, माहीत नाही. बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. ते मीच सांगेन.

आज सकाळी संस्थेत गेले होते. अकराही नावांपुढे ‘प्रॅक्टिकल झालेलं नाही’ असं लिहून सही केली. प्राचार्यांनी तो कागद ठेवून घेतला आणि माझ्याकडची वर्कशॉपची किल्लीही काढून घेतली.

तू रागावलास तर सगळं ऐकून घेणारी,
तुझी हेमू