तेरा खोल्यांचं काळीज

चारकोप,
मंगळवार, दुपारची वेळ

प्रिय कुंदा,

दचकू नकोस. माझं सगळं ठीक आहे, गुडघे सोडून. हल्ली घरात कागद आला की एक तर सोसायटीची नोटीस असते, नाहीतर कुणाचं तरी बारावं-तेरावं, म्हणून आधीच सांगितलं. सांगतेय मी, लिहितेय आपल्या किरणची ऋता. ही तुझी भाची कॉलेजात शिकवायला लागल्यापासून माझं बोलणंसुद्धा तपासते. तिला बजावलंय, मी बोलेन तसं उतरव, मध्ये तुझं लाल पेन चालवू नकोस. मी ‘मेलं’ म्हटलं की ‘मेलं’च लिहायचं. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस गो? माझं एक वाक्य अर्ध्यात असतं आणि तुझं सुरू, “बरं बरं, गोळी घेतलीस का?” कागदाला मध्ये तोडता येत नाही. शिवाय उभ्या जन्मात मी तुला एक पत्र पाठवलं नाही. लग्न होऊन मुलुंडला गेलीस तेव्हाही नाही.

गेले पंधरा दिवस मी झुरळ शिवतेय. हसलीस ना? हस. ऑफिसात सगळ्यांना सांग, आमची आई पंचाहत्तरीत झुरळ शिवते. त्याचं असं झालं, ऋताच्या अकरावीच्या पोरांना झुरळाचा धडा आहे. तुमच्या वेळी खरं झुरळ मेणाच्या ताटलीत टाचण्या लावून उलगडायचे, ते आता बंद झालं. आता पोरं मोबाईलवर चित्र बघतात, नावं घोकतात आणि पेपर झाला की विसरतात. ऋताचं म्हणणं, हाताला लागल्याशिवाय डोक्यात जात नाही. एवढ्या बाबतीत ती माझ्यावर गेलीय. आधी तिने कणकेचं केलं, रंग घालून, चांगलं हातभर. ओट्यावर सुकत ठेवलं. सकाळी बघतो तर त्याच्या पोटात खरी झुरळं पंगत मांडून बसलेली! ती रडकुंडीला आली आणि मी हसून हसून खाली बसले. मग माझ्या गोधड्यांच्या गाठोड्याकडे बघत म्हणाली, “आजी, तुला जमेल?”

मला काय जमत नाही? तुझ्या बाबांचा तपकिरी रेनकोट आठवतो, मिलच्या शेवटच्या वर्षी घेतलेला? त्याचे वरचे जाड पंख झाले. खालचे पातळ पंख माझ्या त्या नायलॉनच्या साडीचे, जिला तू ‘दूध कमी पडलेल्या चहाची साडी’ म्हणायचीस. मिशांना खराट्याचे दोन लांब हीर. पायांना कपड्यांच्या हँगरची तार. पोटाच्या दोन्ही कडांना दहा-दहा काजं केली, कारण मेलं नाकाने श्वासच घेत नाही, कुशीच्या भोकांनी घेतं. क्रॉपला, म्हणजे खाल्लेलं साठवायच्या थैलीला, किरणचा मोजा. त्याच्या मागे गिझार्ड, त्यात आतल्या बाजूने सहा चिंचोके शिवले, कारण झुरळाचे दात पोटात असतात. तोंडात चावून झालं तरी आत गेल्यावर परत चावतं. आपल्या भावकीत अशी दोन-तीन माणसं आहेत, नावं लिहायला ऋता नको म्हणते.

सगळ्यांत वेळ लागला तो काळजाला. ते पाठीला असतं, कण्याच्या जागी. एकामागे एक तेरा खोल्या. ऐकल्यावर मी सुई खाली ठेवली. परळची आपली चाळ, कुंदा! लांबच लांब, एका ओळीत खोल्या, आणि सगळ्यांची दारं एकाच अंगाला. रक्त कडेच्या दारांनी आत येतं, एका खोलीतून पुढच्या खोलीत जातं, मागे फिरता येत नाही. डोक्यापाशी पोचलं की बाहेर सांडतं. पुढे नळ्याच नाहीत. मग अंगभर आपलं भटकत राहतं आणि फिरून फिरून त्याच दारांशी येतं. मी विचारलं, “वाट कोण दाखवतं गो त्याला?” ऋता म्हणाली, “कोणी नाही आजी. येतं.” मी प्रत्येक खोलीला एक टिचबटण लावायचं ठरवलं.

तेव्हापासून दुपारी जेवून जरा आडवी झाले की मी त्या झुरळात शिरते. खरंच सांगते. कुशीच्या एका काजातून वाकून आत जायचं. आत उजेड त्या चहाच्या साडीतून गाळून येतो, सगळं पिवळसर, मऊ, धुतल्यासारखं. पहिल्या खोलीत माझी सासू बांगडे तळत असते, पण वास येत नाही. चौथ्या खोलीत तुझे बाबा पाळीवरून आलेले, केसांत कापसाचे तंतू, मला म्हणतात, “सुलक्षणा, चहा टाक.” मी टाकते तर चुलीवरून वाफेऐवजी पांढरा कापूस वर जातो. एका खोलीत कुणीच नसतं, नुसता पाळणा हलतो. मी पुढे पुढे जाते, भीती अशी वाटत नाही. तेराव्या खोलीत तू असतेस. सतरा वर्षांची, दोन वेण्या, जमिनीवर पाट ठेवून त्यावर वाकून काहीतरी काढत बसलेली. मला नुसती पाठ दिसते. हाक मारायला तोंड उघडते आणि जाग येते. उठून बघते तर ऋताने माझ्या पायाशी चहा ठेवलेला असतो, साय धरलेला.

गेल्या आठवड्यात मी तिच्या वर्गावरही जाऊन आले. रिक्षात मी आणि मांडीवर ते धूड. रिक्षावाला आरशातून सारखा बघत होता, शेवटी म्हणाला, “मावशी, खेळणं आहे का?” म्हटलं, “नाही रे, शिक्षण आहे.” वर्गात ऋताने पोरांच्या जोड्या केल्या. एकाने डोळ्यांवर रुमाल बांधायचा, आत हात घालून चाचपायचं आणि सांगायचं हातात काय आलं. चिंचोके लागले की गिझार्ड. पिवळ्या लोकरीचा झुपका लागला की त्याची लघवीची व्यवस्था. सर्वेश नावाच्या एका आडदांड पोराने सगळं आतडं बाहेर ओढलं आणि परत भरताना घामाघूम झाला. “मॅडम, वाट लागली, बाहेर काढलेलं आता आत मावतच नाही!” मी मागच्या बाकावरून ओरडले, “मेल्या, कोंबू नको, गादीत कापूस भरतात तसं भर.” सगळा वर्ग हसला. आता ती पोरं मला झुरळआजी म्हणतात. मी पहिल्यांदा वर्गात बाकावर बसले होते गो. बाक जरा अरुंदच असतात.

घरी येताना ऋताने मला पकडलं. म्हणाली, “आजी, मी तुला नुसतं ‘पोटातले दात’ म्हणाले होते. गिझार्ड हा शब्द तुला कुठून आला? आणि क्रॉप आधी, मग गिझार्ड, हे मी सांगायच्या आधीच तू तसं शिवून ठेवलं होतंस.” मी म्हटलं, टीव्हीवर ऐकलं. खोटं बोलले. तो शब्द तुझा आहे. मी भाकऱ्या थापत असायचे आणि तू मागे बसून आरतीसारखं म्हणायचीस, इसोफॅगस, क्रॉप, गिझार्ड. अर्थ एकाचाही ठाऊक नव्हता, पण चाल अजून पाठ आहे. चित्र काढताना जीभ दातांत धरायचीस आणि मिशी काढताना श्वास रोखायचीस.

आता शनिवारचं. कॉलेजातल्या विज्ञान प्रदर्शनाला फीत कापायची नाही, त्याऐवजी पाहुणीने झुरळाची पाठ उघडायची, ही ऋताची कल्पना, आणि पाहुणी तू. तू हो म्हणालीस, आणि वर तिला म्हणालीस, “मी पोरांना आईची ती गोष्ट सांगणार.” ती कुठली ते मला कळलं. प्रत्येक बारशात, प्रत्येक लग्नात तू ती सांगतेस, किती रंगवून. बारावीच्या प्रॅक्टिकलला आठ दिवस, तू क्लासला गेलेली, आणि आमच्या अडाणी आईने मांडणी धुवायला काढली. जुनी वही समजून तुझं जर्नल उसवलं, ज्याच्याशिवाय प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत, आणि पानं फळ्यांवर अंथरली. वर हळद, मसाला, तेलाची बरणी. “माझी डॉक्टरकी आईने डब्यांखाली घातली!” सगळे हसतात. सगळ्यांत मोठ्याने मी हसते. तू कधी सांगत नाहीस ते मी सांगते. त्या दिवशी बाबा माझ्यावर हात उगारून आले तर तू मध्ये पडलीस. स्वतः हुंदके देत होतीस आणि माझी पाठ थोपटत म्हणालीस, “तिची काय चूक बाबा? तिला वाचता येतं का?”

कुंदा, मला अक्षर ओळखता येत नव्हतं. झुरळ ओळखता येत होतं.

ऋताचं पेन थांबलंय. लिही गो. तुझ्या आत्याला उलट टपालाने काय ते बोलू दे, तू लिही. कशाला केलं, ते मी तीस वर्षं स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. कुंदा, सातवीपर्यंत तू मला सगळं वाचून दाखवायचीस. दुकानांच्या पाट्या, बसचे बोर्ड, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा. मग ते थांबलं. एकदा तुझ्या चित्राकडे बघून विचारलं, हे काय गो? तू वर न बघता म्हणालीस, “तुला नाही कळायचं, आई.” रागाने नाही, खरं तेच. त्याच आठवड्यात तुमच्या बाई घरी येऊन गेल्या, पोरगी हुशार आहे, पुढे पुण्याला पाठवा म्हणून. मला वाटलं, ही आता पुढच्या खोलीत जाणार आणि त्या दाराला माझ्या बाजूने कडीच नाही. एक वर्ष आणखी घरात राहील, एवढाच माझा लोभ. पुढच्या वर्षी बसेल असं धरून चालले होते. तू बसलीच नाहीस. टायपिंगच्या क्लासला गेलीस, आणि मला एका शब्दाने कधी दुखवलं नाहीस.

म्हणून हे पत्र. किरण उद्या मुलुंडला येणार आहे, त्याच्या हाती देते. सोबत घडी केलेला एक कागद आहे, तो जपून उघड. ते तुझं झुरळाचं पान, बाईंच्या लाल सहीसकट. जुनी वही समजले असते तर हे एकच पान वेगळं कशाला काढलं असतं? पेटीत शालूच्या घडीत होतं. कोपऱ्याला पिवळा डाग पडलाय, तो हळदीचा नाही, माझ्या हाताचा असेल. त्याच पानावरून मी हे झुरळ बेतलं. तुझ्या रेघेला माझी कात्री कुठेच चुकली नाही. शनिवारी पोरांपुढे तुला ती गोष्ट सांगायची तर खरी सांग. नाही सांगावीशी वाटली तर नको. यावंसंच नाही वाटलं, तरी मी किरणला विचारणार नाही का म्हणून. बारा टिचबटणं लावून झालीत. तेरावं मी सुईदोऱ्यासकट एका पुडीत ठेवलंय, ते तुझ्यासाठी. तू नाही आलीस तर एक खोली उघडी राहील. ऋता म्हणते, झुरळ डोक्याशिवायही आठवडाभर जगतं. तसं मीही जगेन, आणि आठवड्याने काय होतं ते मी तिला विचारलेलं नाही.

तुझीच,
मागच्या बाकावर बसणारी,
आई