चि. सुधाकर यास, हार्ड डिस्क सुखरूप असल्याबाबत

चि. सुधाकर यास अनेक आशीर्वाद.

मी, गणपती बाळू सुतार, वय वर्षे शहात्तर, शिक्षण मराठी चौथी पास, धंदा लाकडी पॅटर्न बनविणे, हल्ली निवृत्त, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, पूर्ण शुद्धीवर राहून व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून देतो की, तुझ्या लॅपटॉपमधील सर्व ड्रॉइंगे सुखरूप आहेत. काळजी नसावी.

मुख्य गोष्ट आधी सांगितली, कारण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. मी प्रस्तावना सुरू केली की तू घड्याळाकडे पाहायचास आणि म्हणायचास, "आप्पा, मुद्द्याचं बोला की!" मुद्दा सांगून झाला. आता तरी पूर्ण ऐकशील ना?

'चिरंजीव' लिहिताना माझा हात थांबला, हे मी नाकारीत नाही. गेल्या वर्षी तू छातीला हात लावून कारखान्याच्या पायरीवर बसलास तो पुन्हा उठला नाहीस. मग चिरंजीव कसे लिहावे? परंतु बापाने मुलास लिहावयाच्या पत्राचा मायना गुरुजींनी आम्हांस एकच शिकविला. दुसरा मला येत नाही, आणि येत असता तरी मी लिहिला नसता.

आजच का लिहितो, हेही सांगतो. उद्यमनगरातील कारखाना बंद करून तू रोज घरी यायचास, पायांवर पाणी घ्यायचास आणि दिवसभराचे काम मला सांगायचास. मी विचारीत नसे, तरीही सांगायचास. आता कामाची खबर देण्याची पाळी माझ्यावर आली आहे. काल एक काम पार पडले. ते तुला न सांगता मला आज जेवण गेले नसते.

तुला एक बोल लावावयाचा आहे, तो प्रथम लावतो. मी सागवानाचे पॅटर्न केले. फौंड्रीवाल्यांनी ते वाळूत दाबले, पोकळीत बिडाचा रस ओतला आणि पंपाचे भाग काढले. माझी सर्व मापे प्लायवूडच्या फळीवर खिळ्याने कोरलेली असत. तू आय.टी.आय. करून आलास, काही वर्षांनी लॅपटॉप आणलास, आणि फळ्या माळ्यावर गेल्या. "फळीला वाळवी लागते, आप्पा!" असे तू मला ऐकविलेस. होय, लागते. परंतु फुलाने चार थेंब शिंपडले म्हणून फळी मरत नाही, सुधाकर!

होय. तेच घडले.

तू गेल्यावर वैशालीने कारखान्याची किल्ली कमरेला लावली. ड्रॉइंग काढणे ती तुझ्याजवळ बसून शिकली होतीच. तिचा भाऊ प्रकाश पुण्याहून आला आणि म्हणाला, "ताई, इचलकरंजीला चल. आईचं घर मोठं हाय. ईश्वरीला तिथल्या शाळेत घालू." ती म्हणाली, "ह्यांची ड्रॉइंग हायेत तंवर फौंड्रीवाले माझ्याकडं येतील. ती हायेत तंवर मी हाय." हे मी माझ्या कानांनी ऐकले. तेव्हापासून त्या यंत्राकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. त्या पेटीत नुसती मापे नव्हती. माझी सून आणि माझी नात या घरात राहणार की नाही, हेही त्यातच होते.

म्हणूनच खंडेनवमीस मी तो लॅपटॉप हत्यारांच्या मधोमध मांडविला. एका बाजूस माझा रंधा, पटाशा, वाकस. दुसऱ्या बाजूस तुझी मापाची हत्यारे. वैशालीने पडदा उघडून चालू करून ठेवला, म्हणजे चालू कामाचे ड्रॉइंग देवास दिसावे. ती हळूच म्हणाली, "आप्पा, याला नुसतं फूल वाहू." मी म्हणालो, "हत्याराची पूजा कोरडी होत नाही." घरातील कर्त्या पुरुषाने बोललेले वाक्य होते. ती बाजूस सरली. तुझ्या आईने झेंडूचे फूल तांब्यात बुडविले, शिंपडले, हळदकुंकू वाहिले, पुन्हा शिंपडले. पडदा एकदा थरथरला आणि काळा झाला.

"अवो, हे झोपलं की!" तुझी आई म्हणाली.

"तू तांब्या उपडा केलास," मी म्हणालो.

"मी? पाणी शिंप म्हणून कोण म्हणालं? तुमीच म्हणालासा की! आता माझ्या नावावर घालताय व्हय?"

"मी शिंपडणे म्हणालो. आंघोळ म्हणालो नव्हतो."

"वाईच फुलानं आंघोळ हुती व्हय? पन्नास वर्सं रंध्याला शिंपडतीय, कधी रंधा मेला न्हाय!"

आमचे हे चालू असता वैशाली यंत्राकडे धावली. तिने पदराने कीबोर्डच्या कळा पुसल्या, उलटे धरून पाणी झटकले, बटण दाबले, पुन्हा दाबले. मग स्वयंपाकघरात गेली आणि पुरणाचे पातेले घासू लागली. ते पातेले आधीच घासलेले होते. तुझ्या आईचा आणि माझा वाद तेथेच संपला.

मी तिला विचारले, "दुसरी प्रत कोठे आहे?" ती म्हणाली, "ते दर आठवड्याला म्हणायचे, येत्या रविवारी सीडी काढतो." सुधाकर, तुझा तो रविवार कधी उजाडला रे? लाकडाच्या कामात तू माझ्यापेक्षा नीटस होतास, मग येथेच का ढिला राहिलास? रागावून विचारीत नाही. पण विचारीत आहे.

दुरुस्तीच्या दुकानात मी स्वतः गेलो. तेथील गृहस्थांनी झाकण काढून नाक मुरडले. "आजोबा, बोर्ड गेला. नवा टाकून सगळं पुसून फ्रेश करून देतो." मी विचारले, "पुसून म्हणजे?" ते म्हणाले, "अगदी कोरी पाटी!" मी लॅपटॉप काखेत घेतला आणि नमस्कार करून बाहेर पडलो. माझ्या मुलाची पाटी कोरी करावयास मी तेथे गेलो नव्हतो.

मग प्रकाशनेच फोनवर उपाय सांगितला. यंत्र मेले तरी आतील हार्ड डिस्क जिवंत असू शकते. ती काढून दुसऱ्या लॅपटॉपात बसवून पाहावी. दुसरा कोठून आणावयाचा? सांगलीस तुझ्या बहिणीचा, सुनंदाचा, पडून होता. त्याचे शरीर शाबूत होते, डिस्क गेलेली होती. सुनंदाने तो लगेच एस.टी.ने पाठविला.

मी हरकत घेतली, हे नमूद करतो. तुझी वस्तू दुसऱ्याच्या पेटीत घालणे मला पटेना. तुझी आई म्हणाली, "डोळं बसवत्यात न्हवं का एकाचं दुसऱ्याला? तसंच हाय हे." तरीही मी मान हलविली नाही. तेव्हा वैशाली प्रथमच माझ्याशी आवाज चढवून बोलली: "आप्पा, पेटी त्यांची न्हवती. आतलं त्यांचं हाय!"

मी हरकत मागे घेतली. मी चष्मा पुसला आणि बसलो.

काल रविवार. जेवणे उरकून आम्ही कारखान्यातील तुझ्या टेबलावर पांढरे धोतर अंथरले, म्हणजे स्क्रू हरवू नयेत. वैशालीने जुना लॅपटॉप पालथा घातला. तुझ्या हातचे काळे स्क्रू निघाले, एक अडून बसला. त्याच्या डोक्याची खाच झिजली होती. ती दाबू लागली तेव्हा मी म्हणालो, "ताकद नको. सरक." सायकलच्या ट्यूबचा तुकडा खाचेवर ठेवून वरून स्क्रूड्रायव्हर धरला आणि सावकाश फिरविला. निघाला! माझा हात अद्याप कापत नाही, ही गोष्ट तुझ्या आईने मान्य केली. चहाही दिला.

झाकण उघडले तर आत कुंकवाचा लाल ओघळ! कळांखालून निघून तो पार कडेपर्यंत आला होता, आणि डिस्कच्या खणाच्या भिंतीपाशी थांबून तेथेच वाळला होता. खण कोरडा होता. तुझ्या आईने हात जोडले. कोणास जोडले ते मी विचारले नाही.

डिस्क केवढीशी रे! पटाशीच्या मुठीपेक्षाही लहान. तू इतक्या वर्षांत केलेले सर्व काम एवढ्यात मावते? वैशालीने ती सुनंदाच्या लॅपटॉपात सरकविली. मापात बसली. झाकण लावले, बटण दाबले. पंखा फिरला, अक्षरे आली. मी खुर्ची पुढे ओढली. आणि एकाएकी निळा पडदा! त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे, आणि पुन्हा अंधार. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

वैशालीने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "संपलं, आप्पा," ती म्हणाली. "आता मी काय सांगू फौंड्रीत?" मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "ईश्वरीचा दाखला शाळेतनं काढायला लागंल."

सुधाकर, तू गेलास त्या दिवशी चार माणसांनी मला धरून ठेवले होते. काल मला कोणी धरले नव्हते. मी टेबल धरले.

तिने प्रकाशला फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर ठेवला. ती रडत एवढेच म्हणाली, "निळं आलंय!" तो ओरडला, "निळा आला का? मग रडतीस कशाला, येडे! निळा आला म्हंजे डिस्क जिवंत हाय. मेलेली डिस्क निळं सुदिक दाखवत न्हाय!"

"मग चालू का होईना?"

"तिला वाटतंय ती जुन्याच घरात हाय. नव्या घराची रीत निराळी हाय. चालू करतानाच एफ-टू दाब. आतल्या यादीत डिस्कची ओळ शोध, आणि जुनी पद्धत निवड."

मला एवढे लगेच समजले. फौंड्रीत वाळूच्या वरच्या पेटीची खुंटी खालच्या पेटीच्या भोकात बसावी लागते. एक पेटी बदलली आणि खुंटी जुळली नाही, तर रस कितीही चांगला असो, माल वाकडाच निघणार. मी वैशालीस म्हणालो, "पेटीचे भोक बदल. खुंटीस हात लावू नकोस." प्रकाश फोनवरून म्हणाला, "आप्पांनी कुठं कोर्स केला काय ओ?"

तिने ओळ शोधली, बदल केला. पंखा फिरला. अक्षरे आली. निळा पडदा येण्याची वेळ झाली, आणि तो आला नाही.

तुझा पडदा उघडला!

कोपऱ्यात एकामागून एक चौकटी येऊ लागल्या. नवे यंत्र स्वतःची ओळख करून देत आहे, असे वैशालीने सांगितले. ती डोळे पुसत होती आणि चौकटी बंद करीत होती. मग तिने चालू कामाचे ड्रॉइंग उघडले. खंडेनवमीस जेथे थांबले होते तेथपर्यंतचे सर्व काम जागेवर होते. तिने उंदीर सरकविला आणि पंपाचे ते आवरण पडद्यावर सावकाश फिरू लागले. वरून, खालून. मग तिने त्याचा अर्धा भाग कापून बाजूस केला आणि आतील पोकळी दाखविली. गोगलगायीच्या शंखासारखी वळत गेलेली.

ही पोकळी मी आयुष्यभर डोळे मिटून पाहिली. लाकूड हाती घेण्यापूर्वी दिवस दिवस ती मनात फिरवीत बसलो. ती अशी समोर फिरते हे तू मला का दाखविले नाहीस? दाखवीत होतास. "आप्पा, एकदा बघा तरी," म्हणायचास. मी म्हणायचो, चित्रावर पंप चालत नाही. काल पाहिले. फार सुरेख काम आहे, सुधाकर. हे वाक्य मी तोंडी कधी बोललो नाही, म्हणून लेखी देतो.

फोन चालूच राहिला होता. प्रकाशने विचारले, "मग ताई, येणार न्हाईस तर तू?"

"न्हाय," वैशाली म्हणाली. "सोमवारी मला पॅटर्न सुरू करायचा हाय. लाकूड आप्पा देतील. तू आईला सांग."

"बरं. मग निदान सीडी तरी काढ, बाई माझे!"

तिने उठण्यापूर्वी दोन सीडी काढल्या. एक कपाटात, एक सांगलीस सुनंदाकडे जाईल. रात्री मी अन्न मागून घेतले. तुझी आई म्हणाली, "आज भाकरी गोड लागली का काय?" मी होय म्हणालो. ईश्वरी तिच्या आजीच्या पोटाशी निजली होती, आणि शाळेच्या दाखल्याचे नाव कोणी काढले नाही. छातीवरून घण उचलल्यासारखे वाटले, असे लिहिले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

आता वचन देतो, ते ध्यानात ठेव. आजपासून मी कारखान्यात जाईन. तुझ्या खुर्चीवर बसणार नाही. ती वैशालीची आहे. मी बाकड्यावर बसेन, तिने दिलेल्या मापाप्रमाणे लाकूड कापीन, आणि माप समजले नाही तर तिला विचारीन. विचारण्यात मला कमीपणा वाटणार नाही. वाटला तरी विचारीन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, घरी मोठ्याने वाचून दाखविला, तो बरोबर आहे. हजर असलेल्यांची नावे लिहिताना तुझेही लिहावे असे मनात आले. लिहिले नाही. नसलेल्या माणसास हजर दाखविणे खोटे ठरेल, आणि तुझ्या नावाने मी खोटे लिहिणार नाही.

तुझे वडील,
गणपती बाळू सुतार

समक्ष हजर साक्षीदार:

इंदुबाई गणपती सुतार, वय सत्तर, धंदा घरकाम.

प्रकाश, वैशालीचा बंधू, राहणार पुणे, फोनवरून हजर.

ईश्वरी सुधाकर सुतार, इयत्ता दुसरी, शाळा कोल्हापूर. वयाने अज्ञान असल्याने सही घेतली नाही.

श्रीमती वैशाली सुधाकर सुतार, वय चौतीस, धंदा पॅटर्नचा कारखाना, मालक.