दोन मोहांच्या मधून जाणारा ट्रॅक्टर

मी, श्रीमती रुखमाबाई डोंगरसिंग वसावे, वय ७१ वर्षे, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार मौजे आंबलीपाडा, तालुका अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाविना व आग्रहाविना लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. चौतीस वर्षे अंगणवाडीच्या वह्या भरल्या, त्यामुळे अक्षर वाचायला कोणाला अडचण येऊ नये. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. मला मुलगा भरत, सून सोनम व मुलगी जागृती अशी तीन माणसे आहेत. जागृती नंदुरबारला नर्स आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी. ती कोणाच्या रडण्याने विरघळत नाही, हा तिचा दोष आम्ही लहानपणापासून ऐकवत आलो. आता तो कामाला येईल.

२. गट क्रमांक ४७ मधील चार एकर जमीन यजमानांच्या पश्चात माझ्या नावे झाली आहे. ती चढाची आहे आणि निम्मी झाडांत आहे. अकरा मोह, तीन आंबे, चारोळी, साग आणि ओढ्याकडेला बांबूचे बेट. बाकीच्या मोकळ्या पट्ट्यांत ज्वारी आणि तूर निघते. ही जमीन भरत व जागृती यांना समान हिश्श्याने मिळावी. वाटणी कागदावर करावी, मधे बांध घालू नये. मोहांपैकी खालच्या अंगाचे सहा भरतचे, वरचे पाच जागृतीचे. जागृतीची फुले वेचायला माणूस नसेल तेव्हा शेजारच्या रूपलीबाईने वेचावीत व निम्मी ठेवून घ्यावीत.

३. ट्रॅक्टर. हे कलम लांब होणार आहे, कारण तो कोणाला जातो हे सांगण्याआधी तो कसा आला हे सांगितले पाहिजे.

माझे यजमान डोंगरसिंग यांनी कळसाडीच्या एका बागायतदाराकडे पंचवीस हिवाळे ट्रॅक्टर चालवला. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन ते पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यावर जायचे. ट्रॅक्टर दुसऱ्याचा, ऊस दुसऱ्याचा. घरी आले की जेवताना मधेच थांबायचे आणि डावा पाय जमिनीवर दाबायचे, जणू क्लच आहे. मी विचारले की हसायचे. आपल्या झाडांतून आपला ट्रॅक्टर चालला आहे, असे स्वप्न त्यांना पडायचे, म्हणायचे. त्यात आवाज असायचा आणि सावल्या असायच्या, पुढे कोण बसले आहे ते कधी दिसायचे नाही.

मग काचबिंदूने त्यांचे डोळे गेले. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितले, गेलेली नजर परत येत नाही. ते घरी येऊन बसले आणि ट्रॅक्टरचे नाव काढेनासे झाले.

मी २०१९ साली निवृत्त झाले. जी रक्कम हाती आली तिच्यात घरची शिल्लक घालून ट्रॅक्टर घ्यायचा, हे मी ठरवले. भरतला आनंद झाला. त्याने शहाद्याच्या एका मोठ्या दुकानात पंचेचाळीस अश्वशक्तीचा लाल ट्रॅक्टर आधीच पसंत करून ठेवला होता. तो त्याने बाहेर भाड्यानेही चालवला असता. त्याचा विचार चुकीचा नव्हता, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

निघण्याआधी मी एक दोर घेऊन शेतात फिरले. आमच्या वाटेत सगळ्यात अरुंद जागा दोन मोहांच्या मधे आहे. एकीला आम्ही म्हातारी म्हणतो, दुसरीला तिची बहीण. त्या दोघींच्या मधले अंतर मी दोराला गाठ मारून मोजले.

दुकानातला माणूस सगळा वेळ भरतशीच बोलत होता. मी दोर मागच्या चाकांवर आडवा धरला. चाके गाठीच्या बाहेर हातभर गेली.

तो हसला. “मावशी, दोर लावून ट्रॅक्टर घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय.”

भरत शरमला. “आई, दोन झाडं पाडली की वाट होते.”

यजमान बॉनेटवर हात ठेवून उभे होते. त्यांनी विचारले, “कोनता दोन?”

“कोणतीही दोन, बा.”

यजमानांनी हात काढून घेतला. “भरत, गाडी भारी शे. पन ती कळसाडीना वावरनी शे, आपला राननी नही.”

(घरात आम्ही भिली बोलतो, ती मी इथे मराठीत उतरवली आहे. यजमानांचे बोलणे तसेच ठेवले, कारण ट्रॅक्टरचा विषय निघाला की ते कळसाडीच्या अहिराणीवरच जायचे.)

परतताना आम्ही तळोद्याला घेवरचंदशेठ यांच्या दुकानात थांबलो. ते पंप आणि पाइप विकतात. मागच्या शेडमध्ये अठरा अश्वशक्तीचा एक छोटा निळा ट्रॅक्टर उभा होता. शेठनी आधी मला विचारले, “जमीन चढाची की सपाट?” मग म्हणाले, “बाई, झाडांतच चालवायचा ना? मग बुटका घ्या, चढावर उलटत नाही. आणि धुराची नळी वर नको. फांद्याही मोडतील आणि नळीही.” दोर लावला. दोन्ही बाजूंना वीत वीत जागा उरली.

यजमानांनी तो तीनदा चालू करायला लावला आणि तीनदा बंद. कान बॉनेटजवळ नेला. “हाऊ बोली ऱ्हायना,” ते मला म्हणाले, “आयकी ले.” (हा बोलतो आहे, ऐकून घे.) मग हळूच विचारले, रंग कोणता? मी सांगितले, मोराच्या गळ्याचा.

भरत म्हणाला, “त्या खेळण्यावर मी बसणार नाही.” आठ दिवसांनी तो अंकलेश्वरच्या कंपनीत कामाला गेला. सोनम माझ्याजवळ राहिली. तीन वर्षे तो सणालाही आला नाही. मीही बोलावले नाही. ही माझी चूक, आणि ती मी माझ्याबरोबर नेते. कोणाला देत नाही.

आता ट्रॅक्टर होता आणि चालवणारा नव्हता. तेव्हा पासष्टाव्या वर्षी मी शिकले. यजमान माझ्या बाजूला मडगार्डवर बसायचे, एक हात माझ्या खांद्यावर. मला समोरचे दिसायचे, त्यांना आतले ऐकू यायचे. गियर कधी बदलायचा ते खांद्यावरच्या बोटांनी कळायचे. पहिल्या महिन्यात मी बांबूच्या बेटात दोनदा घुसले. ते म्हणाले, बांबू परत फुटतो, चालू दे.

सोपे झाल्यावर एक गोष्ट मला कळली. ते झाडे ओळखत होते. इंजिनाचा आवाज खोडाला लागून परत येतो तो प्रत्येक झाडाचा वेगळा, असे त्यांचे म्हणणे. “आते म्हातारी उनी,” ते म्हणायचे, आणि खरोखरच तिची सावली आमच्यावर यायची, थंड, पाण्यातून गेल्यासारखी. चैत्रात सकाळी फुले गळताना आम्ही इंजिन बंद करून उभे राहायचो. बॉनेटवर फुले टपटप पडायची. सगळ्या रानाला गोड वास. एकदा असेच बसलो असताना त्यांनी घरच्या भिलीत विचारले, “पुढे कोण बसलंय, रुखमा?” मी म्हटले, “मीच की.” ते म्हणाले, “हां. तूच होतीस.” बराच वेळ आम्ही ट्रॅक्टर चालू केला नाही.

२०२३ च्या पौषात दुपारच्या उन्हात खाटेवर पडल्या पडल्याच ते वारले. भरत आला. दिवसकार्य होईपर्यंत तो ट्रॅक्टरकडे फिरकला नाही. बाराव्या दिवशी त्याने मला विचारले, “बा कुठे बसायचे?” मी मडगार्ड दाखवले, तिथला रंग उडाला आहे. त्याने तिथे हात ठेवला. मग चढून बसला, चालू केला, आणि अगदी हळू त्या दोन मोहांपर्यंत गेला. उतरून त्याने एका बाजूची जागा विताने मोजली, मग दुसऱ्या बाजूची.

“पुरते गं, आई,” तो म्हणाला, आणि झाडाला धरून रडला.

आता तो महिन्याला येतो. कंपनीतले काम त्याला आवडते, आणि त्याने ते सोडावे असे मला वाटत नाही.

सदर ट्रॅक्टर, ट्रॉली व अवजारांसह, मी माझी सून सोनम भरत वसावे हिला एकटीला देते. दुसऱ्याच वर्षी ती शिकली. गुडघ्यांमुळे मी उतरले तेव्हापासून तीच चालवते, पाड्यातल्या बायकांची फुले आणि चारोळ्या बाजाराला नेते, आणि चढावर माझ्यापेक्षा कमी ब्रेक लावते. भरतला मी हे विचारले. तो म्हणाला, “तिचाच आहे तो, लिहायचं काय त्यात?” तरी लिहिते, कारण बाईचे जे असते ते लिहिलेले बरे.

४. माझ्या गळ्यातली चांदीची हासळी जागृतीला. घर तिघांचे. माझ्या अंगणवाडीच्या जुन्या वह्या सध्याच्या सेविका कोकिळा यांच्याकडे द्याव्यात. पाड्यातल्या अर्ध्या माणसांची बाळपणीची वजने त्यांत आहेत.

५. घेवरचंदशेठ यांच्या घरी दर वर्षी चारोळी जाते, ती जात राहावी. शहाद्याच्या दुकानातल्या त्या माणसावरचा राग मी आज सोडला. त्याचे नाव मला माहीत नाही, म्हणून त्याला कळवता येणार नाही.

६. शेवटचे. ट्रॅक्टर तिच्या नावे केला आहे, हे मी सोनमला सांगितलेले नाही आणि भरतलाही सांगू दिलेले नाही. रोज सकाळी ती माझ्या खाटेशी येऊन विचारते, “आई, आज ट्रॅक्टर नेऊ का?” मी म्हणते, “ने.” मग तो आवाज झाडांत शिरतो आणि मी पडल्या पडल्या ऐकत राहते. एकदा सांगितले की ती विचारायची थांबेल. तेवढ्यासाठी मी हा कागद माझ्या हयातीत बंद ठेवते. सोनम, हा एवढा स्वार्थ माफ कर.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, व तो बरोबर असल्याने खालील दोघींच्या समक्ष सही करत आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असा नियम आहे, आणि या दोघींना यातून काही मिळत नाही. रूपलीबाईला फुलांचा वाटा मिळतो, म्हणून साक्षीला तिच्याऐवजी रंजनाबाईला बोलावले. कोकिळाला फक्त वह्या सांभाळायच्या असल्या तरी तिलाही बसवले नाही.

ठिकाण: आंबलीपाडा
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

सही: रुखमाबाई डोंगरसिंग वसावे

साक्षीदार, ज्यांनी आपल्यासमोर झालेली सही पाहिली व रुखमाबाईंसमोर आपली सही वा अंगठा केला:
१. रंजनाबाई जगदीश पाडवी, आंबलीपाडा
२. भुरीबाई वीरसिंग वळवी, आंबलीपाडा (डाव्या अंगठ्याचा ठसा)