सहा-दहाची रिकामी गाडी

१२ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पोचल्याचं पत्र पहिल्याच दिवशी टाकणार होते, आता दहावा दिवस उजाडला. रागावू नका. खोली बरी आहे, खिडकी तेवढी शेजारच्या भिंतीकडे उघडते. उन्हाळ्याची ही पगारी फेलोशिप म्हणजे आम्ही पाच जणांनी एका लांब टेबलाशी बसून तिकीट मशीनचे आकडे चाळायचे आणि कोणते बसमार्ग बंद करता येतील ते सुचवायचं. एम.ए.च्या वर्गात वाहतूक धोरण फार थोर वाटायचं.

बंद करायच्या मार्गांची यादी आमच्या साहेबांकडे दिल्यावर संकेतांकांवरून मार्गांचे नंबर जुळवून पाहिले, तर पहिलाच सत्तावीस. तुमचा! सकाळच्या सहा-दहाच्या फेरीला सरासरी चार माणसं. दोन जूनच्या बैठकीत निर्णय होईल. याच गाडीत तुम्ही मला कंडक्टरची दोरी ओढू द्यायचात, एक घंटी थांबा, दोन घंट्या निघा. गाडी खरंच रिकामी जाते का हो? फोनवर विचारवत नाही, आई शेजारी असते.

लोभ आहेच, उत्तरही असू द्या.
तुमची,
घंटी

१७ मे

चि. घंटी हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

चार माणसं? अगं, चार जणी तर माझ्या पायावर उभ्या असतात! वसाहतीच्या थांब्यावर इस्पितळात सफाई करणाऱ्या चाळीसेक बायका चढतात. ड्रायव्हरपर्यंत जायला मला पोट आत घ्यावं लागतं, आणि ते किती आत जातं हे तुझ्या आईला विचार.

सगळ्या पासवाल्या. नियमाप्रमाणे दर पासला बटण दाबून शून्याची चिठ्ठी काढायची. पण मशीन एकेका चिठ्ठीला इतकं रेंगाळतं, की गाडीला उशीर होतो आणि बायकांचा खाडा मांडला जातो. म्हणून सहा वर्षं मी नुसते पास बघतो. साहेबांना सांग, मशीन आंधळं आहे, कंडक्टर नाही. गाडी बंद केली तर त्या बायकांना पाच किलोमीटर चालत जावं लागेल.

वेळेवर जेवत जा, असं आई म्हणते.
तुझा,
बाबा

२२ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून लगेच फेऱ्यांचा तक्ता काढून पाहिला. बटण न दाबणं म्हणजे नोंद बुडवणं, आणि प्रत्येक फेरीपुढे कंडक्टरचा बिल्ला नंबर छापलेला आहे. मी साहेबांना एवढंच म्हटलं, की आकडे चुकीचे वाटतात, पुन्हा मोजू. ते म्हणाले वेळ नाही, चूक कुणाची ते पुराव्यासह दे, मग मार्ग यादीतून काढतो. तुमच्या निवृत्तीला आठ महिने उरलेत, बाबा.

मशीन बिघडलं होतं असं लिहून टाकावं, असं सारखं मनात येतं. पण मशीन तपासतील, आणि खोटं पकडलं की माझी फेलोशिप जाईल, मार्गही जाईल. गप्प बसले तर तुम्ही वाचता आणि त्या बायका चालतात. कंडक्टर माझे वडील आहेत हेही मी अजून साहेबांना सांगितलेलं नाही. मला भीती वाटते. तीस तारखेच्या आत कळवा.

रागावलात तरी तुमचीच,
घंटी

२७ मे

चि. घंटी हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन दिवस तुझ्या आईशी बोललो नाही. तिने काही केलं नव्हतं, तुझ्यावरचा राग तिच्यावर निघाला. मशीन बिघडल्याचंच लिही, असं एक पत्रही लिहून झालं होतं. ते फाडलं.

काल नियमाने वागून पाहिलं. दर पासला बटण. त्रेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या आणि गाडी अकरा मिनिटं उशिरा पोचली. पुढच्या सीटवर बसणाऱ्या जाड चष्म्याच्या बाईंचा खाडा झाला, सहा वर्षांत पहिला. परतीच्या फेरीत त्यांनी मलाच विचारलं, तब्येत बरी आहे ना. 

ड्यूटी संपल्यावर डेपोत जाऊन सगळं माझ्या हाताने लिहून दिलं, खाली बिल्ला नंबर घातला. नक्कल आणि त्रेचाळीस चिठ्ठ्या सोबत आहेत. मॅनेजर कागद वाचून म्हणाले, चौकशी होईपर्यंत घरी बसा. बिल्ला काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. शर्टाला त्याची दोन भोकं राहिली आहेत. आई रफू करू म्हणते, मी नको म्हटलं.

आता हे कागद साहेबांपुढे ठेव. पण त्याआधी सांग, की कंडक्टर माझे वडील आहेत. ते त्यांना दुसऱ्याकडून कळता कामा नये. माझं काय होईल याचा विचार करत दारात उभी राहू नकोस. दोरी अजून माझ्याच हातात आहे, आणि मी दोन घंट्या दिल्या आहेत.

तुझा,
बाबा