सहाव्या नळीतलं पाणी

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर एकमेकींना "काय? काय?" विचारत बसण्यापेक्षा पत्र बरं, हे तुझं म्हणणं आता मलाही पटलंय. पत्रात तू मला मध्येच तोडत नाहीस, हा आणखी एक फायदा.

नोकरी नक्की कसली, असं विचारलंस. इथल्या चौकाखाली मोटारी ठेवायला भलंमोठं तळघर खणताहेत. त्या कामाचा मुख्य इंजिनिअर कोण, हे त्याच्या आईला काय सांगायचं! मी मात्र दादाच्या कंपनीची नाही. काम चालू असताना शेजारपाजारची हवा, पाणी, जमीन आणि लोकांचे कान यांना किती त्रास होतोय ते मोजायला नेमलेली मी बाहेरची. मुख्य इंजिनिअर माझा आतेभाऊ आहे, हे मी रुजू होतानाच लिहून दिलंय. हरकत नाही पण लक्षात असू द्या, असं उत्तर आलं. दादा चारचौघांत मला मॅडम म्हणतो आणि म्हणताना चेहरा असा करतो, की जणू कडू औषध घेतोय.

माझी खोली म्हणजे पत्र्याचा डबा. रोलर शेजारून गेला की कपातला चहा थरथरतो. मजा मात्र बाहेर आहे. खड्डा कोरडा राहावा म्हणून पंप लावून जमिनीतलं पाणी सतत उपसतात. त्यामुळे आजूबाजूची जमीन किती सुकते ते कळायला आम्ही जागोजागी उभ्या नळ्या पुरल्यात. आत फीत सोडायची आणि पाणी कुठे लागतं ते बघायचं. उपसा चालू म्हटल्यावर सगळीकडे पाणी खाली जायला हवं. पाच नळ्यांत तसं जातंयही. सहावी नळी बालवाडीच्या अंगणाच्या भिंतीला लागून आहे, तिच्यात ते वर चढतंय! दादाला सांगितलं तर म्हणाला, नळी खराब असेल, बदलून टाक. मी बदलणार नाही. आधी मला कळलं पाहिजे, की ते वर का येतंय. आत्या, गेले काही दिवस मी जेवताना आणि दात घासताना तेवढाच विचार करतेय.

कानाच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळव. माझ्यासाठी विणतेयस त्या स्वेटरच्या बाह्या लांब झाल्या तरी चालतील, मी दुमडून घालीन. तुझा माझ्यावर लोभ भरपूर आहे, त्यातला थोडा दादाकडेही वळव. हल्ली त्याला गरज दिसते.

तुझी,
भिंगरी

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

तू मला भलताच नाद लावून दिलास. परवा डॉक्टर माझ्या कानात नळी घालून बघत होते आणि मी त्यांना विचारत होते, की जमिनीत पाणी उलटं कसं चढेल. त्यांना वाटलं, मला प्रश्न नीट ऐकू आला नाही. नवं यंत्र मिळालंय. त्यातून माणसांचं बोलणं कमी आणि पिशव्यांची चुरचुर जास्त ऐकू येते. सारा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांचे आवाज जोडण्यात गेला, आता माझीच लाईन खरखरते.

तुझ्या नळीबद्दल मला दोन शंका येतात. कोणी वरून पाणी ओतत नसेल ना? बालवाडीतली पोरं भोक दिसलं की त्यात काही ना काही घालणारच. आणि दुसरं, ते पाणी आहे कसं? गढूळ आहे, की नितळ? वास येतो का? मला यातलं काही कळत नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

दादाचं मनावर घेऊ नकोस. लहानपणी कुंडीत बी पेरायचा आणि संध्याकाळी उकरून बघायचा, अजून उगवलं का नाही म्हणून. त्याची घाई जन्मजात आहे. तुम्ही दोघं भांडू नका असं मी म्हणणार नाही, कारण ते तुम्हाला जमायचं नाही. भांडा, पण जेवणाआधी मिटवा.

बाह्या मुळीच लांब झालेल्या नाहीत. तुझे हात आखूड आहेत. आशीर्वाद या पाकिटात मावतील तेवढे घातलेत, उरलेले मनात धर.

तुझी,
आत्या

२० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझी पहिली शंका मी पुसून टाकली: नळीला झाकण लावून कुलूप ठोकलं. पाणी चढायचं थांबलं नाही. दुसरीचं उत्तर मात्र ऐकण्यासारखं आहे. नितळ पाणी, वास काही नाही. मग मी त्यात पिण्याच्या पाण्यातलं क्लोरीन ओळखायचे थेंब टाकले. जमिनीतल्या पाण्यात क्लोरीन कुठून असणार? पण बाटली गुलाबी झाली! फिकी का होईना, पण गुलाबीच. म्हणजे हे नळाचं पाणी. बालवाडीच्या खाली कुठेतरी पाइप फुटलाय. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेले तर त्यांनी नकाशा पसरला आणि तिथे पाइपच नाही म्हणून सांगितलं. होता तो केव्हाच बंद केला, म्हणे. मी बाटली टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उजेडात धरली, पुन्हा नकाशा बघितला, पुन्हा बाटली बघितली, आणि माणूस पाठवतो म्हणाले. माणूस अजून यायचाय.

एवढंच असतं तर मी स्वतःवर खूश होऊन बसले असते. पण खड्ड्यातून उपसलेलं पाणी गटारात सोडण्याआधी एका टाकीतून जातं, त्यात गाळ खाली बसतो. ती टाकी आता लवकर भरायला लागलीय आणि तळाशी चिखल नाही, बारीक धुतलेली रेती आहे. खड्ड्याच्या तोंडाशी सगळी चिकणमाती. मग ही रेती येते कुठून? आत्या, पाणी बालवाडीखालून रेती घेऊन आमच्या खड्ड्यात येत असेल, तर जिथून रेती गेली तिथे आता काय आहे?

वरून काहीच दिसत नाही. फरशीला साधी चीर नाही, घसरगुंडी सरळ उभी आहे, जमीन केसभरही खचलेली नाही. दादा नेमकं तेच म्हणाला. त्यात पंधरवड्यावर पर्यावरणाचं ऑडिट आलंय. बाहेरच्या ऑडिटर बाई येऊन आमची सगळी मोजमापं तपासणार. तोवर "निरीक्षण चालू आहे" एवढंच लिही, असं तो मला म्हणाला. मी त्याला त्या बाजूचे पंप थांबवून अंगणाखाली भोक पाडून बघायची लेखी सूचना दिली. यंत्र मोकळं नाही, म्हणाला. आमचं चांगलंच वाजलं. मी त्याला हट्टी म्हटलं आणि त्याने मला मॅडम म्हटलं, तेही केबिनमध्ये कोणी नसताना.

मग मी बालवाडीच्या बाईंकडे गेले. माझ्याकडे पुरावा नाही, नुसती शंका आहे, असं सरळ सांगितलं. त्यांनी खिडकीतून अंगणाकडे बघितलं आणि मुलांना आतच ठेवते म्हणाल्या. आता पालक त्यांच्यावर चिडलेत आणि मला भीती वाटते, की मी चुकले तर? नातं होतं म्हणून कडकपणा दाखवायला गेली, असं लोक म्हणतील. गप्प बसले असते तर म्हणाले असते, नातं होतं म्हणून गप्प बसली.

दादावर रागावू नकोस. माझ्यावरही नको.

तुझी,
भिंगरी

२४ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न.

तुझं यंत्र सुरू झालं हे वाचून बरं वाटलं. पिशव्या कमी हाताळ.

भिंगरीने तुला कळवलं असेलच. ती हुशार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिला एक बाटली गुलाबी दिसली, की सगळं जग गुलाबी दिसतं. जमिनीची उंची आम्ही रोज मोजतो, काडीचाही फरक नाही. पाइपाचं पाणीपुरवठावाले बघतील. भोक पाडायचं यंत्र पलीकडे अडकलंय, ते काढलं तर तिकडचं काम बसतं. वरचे साहेब दिवसातून दोनदा मला विचारतात, की उशीर का. त्यात तिने बालवाडीच्या बाईंना घाबरवून ठेवलं, आता पालक माझ्या दारात उभे राहतात.

मी काही लपवत नाहीये. थोडं थांब, एवढंच तिला सांगतोय. ती माझं ऐकणार नाही, तुझं ऐकते. तिला दोन ओळी लिहिशील का, की ऑडिट होईपर्यंत दमाने घे?

माझी तब्येत ठीक आहे, जेवण वेळेवर होत नाही एवढंच. माया राहू दे, आणि या वेळी ती थोडी माझ्या बाजूने असली तर बरं.

तुझा,
मुलगा

२८ फेब्रुवारी

चि. दादास,
अ. आ.

जेवत जा. बाकीचं नंतर.

दोन ओळी लिहायला बसले होते. तिला काय लिहायचं तेच सुचेना, म्हणून तुला लिहिते आहे. मी तिची बाजू घेत नाही. ती चुकलेली असू शकते, आणि तू म्हणतोस तशी जमीन धडधाकटही असेल. मला तुमच्या शास्त्रातलं ओ का ठो कळत नाही. पण तुझं पत्र मी उलटसुलट वाचलं. साहेब काय म्हणतात ते त्यात आहे, पालक काय म्हणतात ते आहे, यंत्र कुठे अडकलं तेही आहे. रेती कुठून आली, ते कुठेच नाही.

बाळा, मी इथे स्वयंपाकघरात बसलेय, ते अंगण मी पाहिलंही नाही, आणि तरी त्याच्या खाली काय असेल या विचाराने माझ्या हातून भाजीत मीठ दोनदा पडतं. तू रोज तिथून ये-जा करतोस. तुला कसं कुतूहल वाटत नाही? बघायची भीती वाटत असेल तर तसं सांग. भीती मला समजते. साहेबांची असते, तशी जे सापडेल त्याचीही असते. पण भोक पाडून खाली घट्ट माती निघाली, तर भिंगरीचं तोंड आपोआप बंद होईल की. तुझाच फायदा.

हे पत्र तिला दाखवू नकोस, नाहीतर डोक्यावर बसेल.

माया आहेच. ती बाजू बघून होत नसते, एवढं समजून घे.

तुझी,
आई

९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू दादाला काय लिहिलंस ते तो सांगत नाही. पण ऑडिटच्या आदल्या दिवशी सकाळी तो स्वतः यंत्र घेऊन बालवाडीत आला. पलीकडचं काम थांबवून आणलं होतं. माझ्याकडे न बघता चालकाला म्हणाला, घसरगुंडीच्या बाजूला लाव.

वरची फरशी गेली. मातीचा हातभर थर गेला. आणि मग यंत्राचा दांडा एकदम खाली पडला, आत्या. आत गेला नाही, पडला. चालकाने यंत्र बंद केलं. दादाने हात वर करून सगळ्यांना मागे सरायला सांगितलं आणि तो स्वतः सगळ्यांच्या शेवटी मागे आला. मीच बरोबर ठरले होते, पण मला जरासुद्धा आनंद झाला नाही.

त्याने तिथूनच फोन करून सगळे पंप थांबवले. पाणीपुरवठ्याचा माणूस आता धावत आला. नकाशात नसलेला पाइप सापडला, चांगला वाहता होता. उपशाने माती आवळली तसा तो सांध्यात उकलला होता.

दुसऱ्या दिवशी ऑडिटर बाई आल्या. दादाने माझी लेखी सूचना स्वतःच त्यांच्यापुढे ठेवली आणि ती आपण बाजूला सारली होती हेही सांगितलं. बाईंनी मलाही सोडलं नाही. पाणी चढताना दिसलं त्याच दिवशी लेखी कळवायला हवं होतं, कोडं सुटेपर्यंत थांबायचं नव्हतं, म्हणाल्या. मला झोंबलं, कारण खरं आहे. मला कोडं आवडलं होतं. आणि नातेवाइकांना एका कामावर ठेवू नये असंही त्यांनी लिहिलं, त्यामुळे माझी बदली झालीय. एका पुलाच्या कामावर जातेय. दादाला साहेबांकडून ताकीद मिळाली, पण काम त्याच्याकडेच राहिलं.

मी निघताना तो माझ्या डब्यात आला, बराच वेळ माझ्या यंत्रांकडे बघत राहिला, आणि त्याने माझं सामान उचलून गाडीत ठेवलं. तू त्याला लिही. आणि मला नव्या पत्त्यावर विसरू नकोस.

तुझी,
भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. आ.

मी तुला पहिल्यांदाच पत्र लिहितोय, तेव्हा हसू नकोस. फोनवर हे बोलता आलं नसतं.

तू गेल्यावर पोकळी भरायच्या आधी मी भोकातून दिवा आणि कॅमेरा खाली सोडला. त्याची गरज नव्हती, माप आम्हाला कळलं होतं. तरी सोडला. तुझ्या डब्याएवढी खोली होती ती. भिंती धुतल्यासारख्या स्वच्छ. आणि वर छताला फरशीच्या सांध्यांत उगवलेल्या गवताची मुळं लोंबत होती, बारीक, पांढरी, थेंब धरलेली. पडद्यावर मी ती खालून बघत होतो. घसरगुंडीवरून उतरून मुलं ज्याच्यावर उड्या मारायची ते हेच. सुंदर होतं गं, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू? मग मी मागे सरून फरशीवर बसलो.

आता सगळं सिमेंटने भरून घेतलंय, जमीन पक्की आहे. काल अंगण उघडलं. बाईंनी मला मुलांशी बोलायला बोलावलं. मी सोपं करून सांगितलं, की खाली एक रिकामी जागा झाली होती, आता तिथे दगडासारखं घट्ट भरलंय, खुशाल खेळा. सगळी पळाली. एक मुलगी तेवढी उभी राहिली, दोन दात पडलेली. तिने मला विचारलं, कशावरून?

पूर्वी मी म्हटलं असतं, मी सांगतोय ना. काल मी पलीकडे ठेवलेलं यंत्र मागवलं, तिच्यासमोर अंगणात भोक पाडलं आणि खालून निघालेला सिमेंटचा गोळा तिच्या हातात दिला. तिने तो हुंगला, नखाने खरवडून बघितला, फरशीवर दोनदा आपटला. मग मला परत दिला आणि घसरगुंडीची शिडी चढायला लागली.

पुलाखालच्या पाण्याचं काय चाललंय ते सविस्तर लिही. माझा लोभ तुला ठाऊक आहेच. नसेल तर विचार, सांगेन.

तुझा,
दादा