गॅदरिंगमधला नाच

देवळाली प्रवरा, उसाचा फड

चि. पंकजा पोरीस बापाचा लई आशीर्वाद.

आमी दोघं बरी हाओत. आजीचा गुडघा कसा हाय?

काल जेवणाच्या सुट्टीत गडी मोबाईलवर सिनेमातले नाच बघत हुते. मीबी बघत हुतो. तेवढ्यात त्यावर तुझा शाळेच्या गॅदरिंगचा व्हिडिओ आला. मुकादम म्हनला, "बन्सी, पोरीला असला तोकडा झगा शोभतो का?"

मी म्हनलो, "मग आत्तापर्यंत आपन काय बघत हुतो?"

तोकडे कपडे मलाबी पटत न्हाईत, खोटं कशाला बोलू? पन तवापासून कामात जीव लागंना. तिकडं गावाकडं, तिसगावात तुला कुनी काय बोललं का?

तुझी आई म्हनली, "पोरगी नाचली कशी, ते कुनीच बोललं न्हाई." मीबी न्हाई बोललो.

लई झ्याक नाचलीस, पोरी.

तुझा बाप,
बन्सी