डिंभ्याच्या पाण्यात पॉपर

१२ ऑक्टोबर, रविवार
ओतूरला साडू सावळेरामकडे जेवण. त्याने मोबाईलमध्ये मासा दाखवला. मालवणला बोटीवरून स्वतः धरलेला. जीटी म्हणतात, समुद्रातला पैलवान. म्हणाला, गोरक्षभाऊ, तुमचं काम न्हाई हे. मी सगळ्यांसमोर सांगितलं, दिवाळी झाली की याच्यापेक्षा मोठा धरतो. सगळे ताटात बघू लागले. बहुतेक आदराने.

१५ ऑक्टोबर
खताच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. व्हिडिओ पाहिले. विषय सोपा आहे. पॉपर म्हणजे लाकडाचा खोटा मासा, तोंड खोलगट, पोटाला गळ. लांब फेकायचा, रॉडला हिसका द्यायचा. पॉपर पाण्यावर भळ्ळक् करतो. खालच्या जीटीला वाटतं, वर कोणीतरी अडचणीत आहे. तो येऊन गिळतो. फेक आणि हिसका, एवढंच. बाकीचं मासा करतो.

२६ ऑक्टोबर, रविवार
डिंभे धरणावर सराव. फेक उत्तम. भळ्ळक् उत्तम. जाळं टाकून बसलेले गेणभाऊ होडी वल्हवत जवळ आले. म्हणाले, पावणं, दगडं कशापायी मारताय, मासं पळालं समदं. त्यांना टेक्निक समजावलं. ऐकता ऐकता लांब गेले. नवीन गोष्ट पचायला वेळ लागतो.

२ नोव्हेंबर, सकाळ
धरणावर पहिला स्ट्राइक, म्हणजे गळाला काहीतरी लागलं. फेकण्यासाठी रॉड मागे नेला, तो पॉपर मागे चरणाऱ्या, मेंढपाळ सोनबांच्या मेंढीच्या लोकरीत अडकला. मेंढी शिनोलीच्या दिशेने निघाली. रॉड सुंदर वाकला. रीलमधून दोरी सर्रकन गेली. मीपण थोडा गेलो. सोनबा ओरडत होते, सोडा की राव. खरा अँगलर सोडत नाही. शेवटी त्यांनीच कात्रीने लोकर कापली. मेंढी ठणठणीत. म्हणजे ओढाताणीचाही सराव झाला. तो विषय संपला.

९ नोव्हेंबर
व्यायाम उद्यापासून.
रोहिणी म्हणते, मलाबी न्या. लग्न झाल्यावर समुद्र दाखवतो म्हनला व्हता, पोरगं बारावीला गेलं. मी म्हणालो, ही ट्रिप टेक्निकल आहे. तेव्हापासून डब्यात भोपळा.

१३ नोव्हेंबर
आजही भोपळा. रोहिणीला नेतोय. घाबरून नाही. साक्षीदार लागतोच.

२८ नोव्हेंबर, मालवण
रोहिणी चपला हातात धरून किनाऱ्यावर कितीतरी वेळ नुसती उभी. वाटलं, तिला बरं नाही. विचारलं, तर म्हणाली, लई मोठं हाय वो. मी म्हणालो, उद्या मासा बघ.

२९ नोव्हेंबर, दुपार
बोटीवर उलट्या थांबल्यावर फेक केली. आयुष्यातली सर्वात लांब. भळ्ळक्. भळ्ळक्. मग पाणी फाटलं आणि डोकं वर आलं. वासराएवढं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी भ्यालो नाही. हात भ्याले. रॉड, रील, पॉपर, सगळं समुद्रात. बोटवाला इंजिनात डोकं घालून बसला होता. हरकत नाही. रोहिणी शेजारीच होती.

३० नोव्हेंबर, ओतूर
परस्पर साडूकडे आलो. सगळ्यांना सविस्तर सांगितलं. टेक्निक शंभर टक्के यशस्वी. सावळेराम म्हणाला, बघितला कुणी? मी रोहिणीकडे हात केला. सगळी मंडळी तिच्याकडे वळली.
ती म्हणाली, मी त्या अंगाला डॉल्फिन बघत व्हते. मासा काय मला दिसला न्हाई. पण ह्यांनी रॉड लई लांब फेकला.